ग्रंथालयाच्या भिंतीवरचा इतिहास : चित्रकार हेल वुड्रफ

वसतिगृहात राहून शिकलेल्या माणसाला आपल्या शाळेच्या भिंती जन्मभर आठवतात. पुस्तकातले धडे कालांतराने विसरतात. पण सभागृहात, अभ्यासिकेत किंवा भोजनगृहात रोज डोळ्यांसमोर असलेली तसबीर विसरत नाही. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते, ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे कोणत्याही बखरीत आली नव्हती, अशा मुलांना त्या तसबिरींनीच प्रथम सांगितले, की आपल्यालाही पूर्वज आहेत आणि ते माणसासारखे जगण्यासाठी झगडले आहेत. या स्मरणिकेत आम्ही एका परदेशी चित्रकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्याचे कारण हेच. हेल वुड्रफ हे आफ्रिकी वंशाचे अमेरिकन चित्रकार. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी उभारलेल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी सहा मोठी चित्रे कॅन्व्हासवर रंगविली. त्या चित्रांत राजे नाहीत आणि सेनापतीही नाहीत. बेड्या घातलेली, बेड्या तोडणारी, न्यायालयात उभी राहणारी आणि शेवटी शाळा बांधणारी माणसे आहेत.

हेल अॅस्पासिओ वुड्रफ यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०० रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या कैरो या गावी झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. परंतु कायद्यातून गेलेली गुलामगिरी व्यवहारातून गेली नव्हती. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा होता. हेल लहान असतानाच वडील वारले. आई ऑगस्टा एकुलत्या मुलाला घेऊन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी राहावयास गेली. चित्रकलेचा पहिला धडा त्याला आईनेच दिला. वर्तमानपत्रातील व्यंगचित्रे आणि घरच्या बायबलमधील कोरीव चित्रे समोर ठेवून तो तशीच चित्रे काढीत बसे. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या पर्ल हायस्कुलात शिकत असताना शाळेच्या नियतकालिकासाठी तो व्यंगचित्रे काढू लागला. मोठ्या कलावंतांची मूळ चित्रे पाहण्याचा योग त्या वयात त्याच्या वाट्याला आला नाही. छापील कागदावरून शिकत शिकत त्याचा हात तयार झाला.

पुढील शिक्षणासाठी वुड्रफ इंडियानापोलिस येथील जॉन हेरॉन कला संस्थेत दाखल झाले. फी भरण्यासाठी मिळेल ते काम करावे लागे. कृष्णवर्णीयांच्या एका साप्ताहिकासाठी ते राजकीय व्यंगचित्रे काढीत आणि शहरातील कृष्णवर्णीयांच्या वाय. एम. सी. ए. संस्थेत नोकरी करीत. या संस्थेत व्याख्यानांसाठी मोठमोठे विचारवंत येत. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्यासारख्या पुढाऱ्यांची भाषणे त्यांनी तेथेच ऐकली. याच शहरात कलासाहित्य विकणाऱ्या एका जर्मन वंशाच्या दुकानदाराने त्यांना आफ्रिकी शिल्पांवरील एक पुस्तक भेट दिले. पुस्तक जर्मन भाषेत होते आणि वुड्रफ यांना जर्मन येत नव्हते. पण पानोपानी आफ्रिकेतील मुखवट्यांची आणि लाकडी मूर्तींची छायाचित्रे होती. आफ्रिका म्हणजे रानटी माणसांचा मुलूख, असेच शाळेतून आणि समाजातून शिकविले जाण्याचा तो काळ. आपल्याच पूर्वजांच्या हातची ही देखणी कला एका परक्या भाषेतील ग्रंथात आदराने छापलेली पाहून तरुण वुड्रफ यांना काय वाटले असेल, याची कल्पना आमच्या वाचकांना सहज करता येईल. ते पुस्तक त्यांच्या मनातून कधी गेले नाही.

१९२६ साली हार्मन फाउंडेशनने कृष्णवर्णीय कलावंतांसाठी ठेवलेल्या पारितोषिकांपैकी दुसरे, म्हणजे कांस्य पारितोषिक त्यांना मिळाले. रक्कम होती शंभर डॉलर. त्यात स्नेह्यांनी आणि काही दात्यांनी भर घातली आणि १९२७ साली वुड्रफ पॅरिसला पोहोचले. चार वर्षे ते फ्रान्समध्ये राहिले. तेथील कलाशाळांत ते शिकले, संग्रहालयांत तासन्‌तास उभे राहिले, सेझान आणि पिकासो यांच्या चित्रांचा त्यांनी कसून अभ्यास केला. हेन्री ओसावा टॅनर हे आफ्रिकी वंशाचे ज्येष्ठ अमेरिकन चित्रकार त्या वेळी फ्रान्समध्येच स्थायिक झाले होते. वुड्रफ त्यांना भेटावयास गेले. मायदेशात वर्णामुळे कोंडी झालेल्या कलावंताला परक्या देशात मान मिळाला होता. ही गोष्ट दिलासा देणारी होती, तशीच बोचणारीही होती. विचारवंत अॅलन लॉक यांच्यासोबत पॅरिसच्या जुन्या बाजारांत हिंडून वुड्रफ यांनी आफ्रिकी मूर्तींचा शोध घेतला. पैसे संपत आले तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये रस्त्याच्या कामावर मजुरीही केली. १९३० च्या सुमारास त्यांनी पत्ते खेळणाऱ्या माणसांचे एक चित्र रंगविले. त्यात सेझानची मांडणी आहे आणि चेहरे आफ्रिकी मुखवट्यांसारखे आहेत. युरोपात शिकलेले आणि पूर्वजांकडून आलेले असे दोन्ही त्या एका चित्रात एकत्र आले.

१९३१ साली वुड्रफ मायदेशी परतले आणि अटलांटा विद्यापीठात कलाशिक्षक म्हणून रुजू झाले. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन होप यांनी त्यांना बोलावून घेतले होते. अटलांटा हे दक्षिणेतील मोठे शहर, पण तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला चित्रकला शिकण्याची सोय जवळजवळ नव्हती. वर्णभेदाच्या नियमांमुळे शहरातील हाय म्युझियम या कलासंग्रहालयाचे दार त्यांच्यासाठी मोकळे नव्हते. अशा ठिकाणी वुड्रफ यांनी विद्यार्थ्यांना काय शिकविले? त्यांनी सांगितले, की आपल्या भोवती जे आहे तेच काढा. त्यांचे विद्यार्थी जॉर्जिया राज्याची लाल माती, धूप झालेल्या टेकड्या, मोडकळीस आलेल्या झोपड्या आणि परसातले संडास रंगवू लागले. या संडासांच्या चित्रांवरून काहींनी त्या मंडळींना थट्टेने एक नावही चिकटविले. वुड्रफ यांनी ती थट्टा मनावर घेतली नाही. आपली वस्ती चित्राला अपात्र आहे, ही लाज विद्यार्थ्यांच्या मनातून काढून टाकणे त्यांना चित्रकलेइतकेच महत्त्वाचे वाटत होते.

तो काळ भयानक होता. जमाव जमवून कृष्णवर्णीय माणसाला झाडाला फाशी देण्याचे प्रकार दक्षिणेत सर्रास घडत आणि गुन्हेगार अज्ञात असल्याची नोंद करून प्रकरण मिटविले जाई. १९३५ साली या अत्याचारांच्या निषेधार्थ न्यू यॉर्क येथे एक चित्रप्रदर्शन भरले. वुड्रफ यांनी त्यासाठी लिनोलियमवर कोरलेली छापचित्रे दिली. त्यांपैकी एकात गळ्यात दोर अडकविलेला माणूस घोडागाडीवर उभा आहे. गाडी हाकलली की त्याचा जीव जाणार आहे. दुसऱ्यात एका गरीब चर्चच्या पायरीवर मृतदेह टाकून दिलेला आहे. रंग नाहीत, केवळ काळे आणि पांढरे. चित्राच्या नावातच वुड्रफ यांनी त्या सरकारी नोंदीतील अज्ञात इसम हे शब्द वापरले आणि त्या खोटेपणावर बोट ठेवले.

परंतु केवळ वेदना दाखवून त्यांचे समाधान होत नव्हते. ज्या मुलाला रोज अपमान सोसावा लागतो त्याला आणखी एक अपमान चित्रात दाखवून काय मिळणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. उत्तराची दिशा त्यांना मेक्सिकोत सापडली. त्या देशातील दिएगो रिवेरा आणि त्यांचे सहकारी सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर सामान्य शेतकऱ्यांचा आणि कामगारांचा इतिहास भव्य प्रमाणात रंगवीत होते. वाचता न येणाऱ्या माणसालाही तो इतिहास उभ्या उभ्या वाचता येई. १९३६ च्या उन्हाळ्यात वुड्रफ तेथे गेले आणि स्वतः नावाजलेले शिक्षक असूनही रिवेरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून रंग घोटण्याचे काम त्यांनी केले. भिंतीवर चित्र कसे मांडावे, दुरून पाहणाऱ्याला एकेक आकृती कशी स्पष्ट दिसावी, शेकडो माणसांच्या गर्दीत कथा कशी पुढे न्यावी, हे ते तेथे शिकले.

ही विद्या कामी येण्याचा प्रसंग दोनच वर्षांनी आला. अलाबामा राज्यातील टॅलडीगा महाविद्यालयात नवे ग्रंथालय उभे राहत होते. त्याच्या भिंतींसाठी चित्रे काढण्याचे काम महाविद्यालयाचे अध्यक्ष ब्यूएल गॅलाघर यांनी १९३८ साली वुड्रफ यांच्याकडे सोपविले. ही चित्रे समजण्यासाठी त्या महाविद्यालयाची आणि एका जहाजाची हकीकत सांगणे आवश्यक आहे.

१८३९ साली पश्चिम आफ्रिकेतील मेंडे लोकांच्या मुलखातून पळवून आणलेली माणसे क्युबा बेटावरील हवाना बंदरात विकली गेली. त्यांपैकी त्रेपन्न जणांना, म्हणजे एकोणपन्नास पुरुष आणि चार बालके यांना, दोन स्पॅनिश मळेवाल्यांनी विकत घेतले आणि दुसऱ्या बंदरी नेण्यासाठी एका जहाजावर चढविले. जहाजाचे नाव होते आमिस्ताद. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ मैत्री असा होतो. माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आपल्या जहाजाला हे नाव द्यावे, यापेक्षा मोठी विटंबना ती कोणती? तिसऱ्या-चौथ्या रात्री सेंगबे पिए या तरुण शेतकऱ्याने आपल्या बेड्या सोडविल्या, सोबत्यांना मोकळे केले आणि जहाजावरील ऊस तोडण्याचे कोयते हाती घेऊन त्यांनी बंड केले. इतिहासात हा तरुण सिंके या नावाने प्रसिद्ध आहे. जहाजाचा कप्तान मारला गेला. दोघा मळेवाल्यांना मात्र जहाज पूर्वेला, आफ्रिकेकडे न्यावे म्हणून जिवंत ठेवले. ते दिवसा सूर्याकडे जहाज नेत आणि रात्री गुपचूप उत्तरेकडे वळवीत. अशा रीतीने जवळजवळ दोन महिने भटकत ते जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. अमेरिकन नौदलाने ते पकडले आणि बंडवाल्यांना कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे तुरुंगात टाकले.

त्यांची भाषा कोणालाच कळत नव्हती. येल येथील प्राध्यापक जोसाया गिब्ज यांनी कैद्यांकडून मेंडे भाषेतील एक ते दहा आकडे शिकून घेतले आणि न्यू यॉर्कच्या गोदीत जाऊन ते आकडे मोठमोठ्याने म्हणत फिरू लागले. जेम्स कव्ही नावाच्या एका आफ्रिकी खलाशाने ते ओळखले. दुभाषी मिळाला आणि कैद्यांना प्रथमच आपली कैफियत मांडता आली. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी त्यांच्यासाठी समिती स्थापून वकील दिले. सर्वोच्च न्यायालयात माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांची बाजू मांडली. ९ मार्च १८४१ रोजी ते सारे स्वतंत्र माणसे ठरले. हयात असलेले पस्तीस जण पुढच्या वर्षाच्या आरंभी आपल्या भूमीवर उतरले. त्यांच्यातील मार्ग्रू ही मुलगी नंतर पुन्हा अमेरिकेत येऊन ओबर्लिन येथे शिकली आणि आपल्या लोकांत परत जाऊन शिक्षिका झाली.

खटला संपला, पण जमलेली माणसे पांगली नाहीत. त्या समितीच्या कार्यातूनच १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही संस्था जन्मास आली आणि यादवी युद्धानंतर तिने मुक्त गुलामांच्या मुलांसाठी दक्षिणेत अनेक शाळा-महाविद्यालये काढली. टॅलडीगा हे त्यांपैकीच एक. त्याची सुरुवात मात्र बाहेरच्या कोणी केली नव्हती. विल्यम सेव्हरी आणि थॉमस टॅरंट या दोन मुक्त गुलामांनी १८६५ साली निश्चय केला, की आपल्या मुलांना शिक्षण मिळालेच पाहिजे. पडक्या सुतारशाळेचे लाकूड आणून त्यांनी एका खोलीची शाळा उभी केली. मुले इतकी आली, की जागा पुरेना. गावात एक तिमजली देखणी इमारत विकावयास निघाली होती. युद्धापूर्वी गोऱ्या मुलांच्या विद्यालयासाठी ती बांधली गेली होती आणि बांधताना गुलामांचे हात राबले होते. स्वतः सेव्हरी त्या बांधकामावर सुतार होते. असोसिएशनने १८६७ साली ती इमारत घेतली. ज्या वास्तूच्या विटा आपण वाहिल्या, जिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याचा आपल्या लेकरांना हक्क नव्हता, तिच्यातच त्या लेकरांची नावे हजेरीपटावर चढली. नव्या ग्रंथालयाला याच सेव्हरी यांचे नाव देण्यात आले.

जहाजावरील बंडाला १९३९ साली शंभर वर्षे होत होती. वुड्रफ यांनी ही सारी हकीकत चित्रांत मांडावयाचे ठरविले. रंगविण्यापूर्वी ते न्यू हेवनला गेले. तेथे त्यांना अमोल साधन मिळाले. विल्यम टाउनसेंड नावाच्या एका तरुणाने त्या वेळी कैद्यांची पेन्सिलने काढलेली रेखाटने येल विद्यापीठात जपून ठेवलेली होती. नथॅनिएल जोसेलिन यांनी रंगविलेले सिंके यांचे व्यक्तिचित्रही होते. वुड्रफ यांनी हे चेहरे अभ्यासले. त्यामुळे त्यांच्या चित्रातील बंडवाले म्हणजे नावगाव नसलेला जमाव राहिला नाही. ज्यांना पिंपे आणि पोती यांच्यासारखे मोजून विकले होते, त्यांना शंभर वर्षांनी आपापला चेहरा परत मिळाला.

ही चित्रे त्यांनी ओल्या चुन्यावर न काढता कॅन्व्हासवर तैलरंगांत काढली. अटलांटा येथील आपल्या कामाच्या जागी ती पुरी करून मग टॅलडीगाच्या भिंतींवर लावली. प्रत्येक चित्राची उंची सुमारे सहा फूट; बंडाच्या आणि मायदेशी परतण्याच्या चित्रांची लांबी सुमारे दहा फूट आणि मधल्या खटल्याच्या चित्राची सुमारे वीस फूट आहे. पहिल्यात कोयते उगारलेले देह एकमेकांत गुंतलेले आहेत. भडक निळा, पिवळा, लाल अशा रंगांनी डोळे दिपतात. दुसऱ्यात न्यायालय आहे. तेथे सारे एकदम स्थिर झाले आहे. एका बाजूला आफ्रिकी कैदी, दुसऱ्या बाजूला त्यांच्यावर हक्क सांगणारे. आणि सिंके ताठ उभे आहेत. तिसऱ्यात आफ्रिकेचा किनारा, मागे समुद्रातील जहाज आणि जमिनीवर उतरलेली मोकळी माणसे. पहिल्या चित्रातील हत्याराची जागा दुसऱ्यात युक्तिवादाने घेतली आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात कोणी न सांगताही येते.

उरलेली तीन चित्रे महाविद्यालयाची. एकात पळून निघालेले गुलाम रातोरात उत्तरेकडे जात आहेत. दुसऱ्यात टॅलडीगाचा पहिला दिवस आहे. आई-बाप मुलांचा हात धरून नाव घालावयास आले आहेत. रोख पैसा नाही म्हणून कोणी जनावर, कोणी शेतातला माल फी म्हणून आणला आहे. सहाव्या चित्रात ग्रंथालयाचे बांधकाम चालले आहे आणि त्यावर काळे नि गोरे कामगार बरोबरीने राबत आहेत. वर्णभेदाच्या त्या काळातील अलाबामात असे चित्र भिंतीवर लावणे हे मोठे धाडस होते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या आई-वडिलांनी धान्य विकून, दागिना मोडून किंवा मजुरीची उचल घेऊन मुलाला वसतिगृहात पोचविले असेल, त्यांना पहिल्या दिवसाचे ते चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

ग्रंथालयाच्या दालनातील फरशीतही आमिस्ताद जहाजाची आकृती बसविलेली आहे. त्या आकृतीवर पाय द्यावयाचा नाही, असा तेथील विद्यार्थ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. त्या जहाजावर आपले पूर्वज बेड्यांत होते आणि त्याच जहाजावर ते मोकळे झाले, एवढे प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून तो थोडा वळसा घालून पुस्तकांकडे जातो.

या चित्रांनी वुड्रफ यांचे नाव सर्वत्र झाले, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कृष्णवर्णीय चित्रकारांना प्रदर्शनासाठी जागा मिळत नाही, हे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून १९४२ साली त्यांनी अटलांटा विद्यापीठात देशभरच्या कृष्णवर्णीय कलावंतांचे वार्षिक प्रदर्शन सुरू केले. बक्षीसपात्र चित्रे विद्यापीठ विकत घेई. १९७० पर्यंत हा उपक्रम चालला आणि त्यातून विद्यापीठाचा मोठा कलासंग्रह उभा राहिला. १९४६ साली ते न्यू यॉर्क विद्यापीठात अध्यापनासाठी गेले व निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. १९४९ साली लॉस एंजेलिस येथे कृष्णवर्णीयांनी चालविलेल्या गोल्डन स्टेट म्युच्युअल या विमा कंपनीच्या इमारतीसाठी त्यांनी चार्ल्स अॅल्स्टन यांच्यासह कॅलिफोर्नियाच्या इतिहासातील आपल्या लोकांचा वाटा रंगविला.

यानंतर त्यांनी आपल्या जुन्या अटलांटा विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी सहा चित्रांची दुसरी मालिका केली. ‘आर्ट ऑफ द नीग्रो’ हे तिचे नाव. ती १९५०-५१ मध्ये पूर्ण झाली. इंडियानापोलिसमध्ये मिळालेल्या त्या जर्मन पुस्तकाचे ऋण त्यांनी येथे फेडले, असे आम्हांस वाटते. आफ्रिकेतील मूळ कलारूपे, जुन्या जगातील संस्कृतींशी त्यांची देवघेव, इतर आदिम लोकांच्या कलांशी असलेले साम्य आणि आधुनिक कलेवरील त्यांचा प्रभाव त्यांत येतो. एका चित्रात १८९७ साली ब्रिटिशांनी बेनिन हे राज्य जाळून तेथील कलावस्तू लुटून नेल्या, तो प्रसंग आहे. शेवटच्या चित्रात प्राचीन गुहाचित्रकारापासून विसाव्या शतकापर्यंतचे आफ्रिकी वंशाचे सतरा कलावंत एकत्र उभे आहेत. विद्यार्थी पुस्तक मागावयास ग्रंथालयात येई तेव्हा तो त्या सतरा जणांच्या नजरेखालून जाई.

उत्तरायुष्यात वुड्रफ अमूर्त चित्रकलेकडे वळले. कृष्णवर्णीय चित्रकाराने आपल्या समाजाचेच चित्र काढले पाहिजे काय, की त्याला रंग-रेषांचा इतरांइतकाच मोकळा अधिकार आहे, हा प्रश्न त्या वेळी जोराने विचारला जात होता. १९६३ साली नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना रोमेअर बेअर्डन, नॉर्मन लुइस, अॅल्स्टन आदी मित्रांसह त्यांनी स्पायरल नावाचा गट स्थापून या प्रश्नाचा ऊहापोह केला. एकमत झाले नाही. वुड्रफ यांनी आपल्यापुरते उत्तर कृतीने दिले. त्यांच्या अमूर्त चित्रांतही आफ्रिकी चिन्हे आणि आकार डोकावत राहिले. ६ सप्टेंबर १९८० रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी एकच वर्ष हार्लेममधील स्टुडिओ म्युझियमने त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचे प्रदर्शन भरविले होते.

एक गोष्ट त्यांना पाहावयास मिळाली नाही. सत्तर वर्षांच्या धुळीने टॅलडीगाची चित्रे काळवंडली होती. ती भिंतींवरून उतरवून स्वच्छ करण्याचे काम अटलांटाच्या हाय म्युझियमने अंगावर घेतले आणि २०१२ पासून ती देशातील निरनिराळ्या शहरांत दाखविली गेली. एके काळी ज्या संग्रहालयाचे दार वुड्रफ यांच्या विद्यार्थ्यांना सहज उघडत नव्हते, त्याच संग्रहालयात त्यांच्या गुरूंची चित्रे सन्मानाने लागली. चित्रे कॅन्व्हासवर होती म्हणूनच ती भिंतीवरून निघून प्रवासाला जाऊ शकली.

या चरित्राचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. तो आम्ही ओढून आणलेला नाही. टॅलडीगाच्या त्या इमारतीत मुक्त गुलामांची मुले शिकू लागल्यानंतर सहाच वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. वुड्रफ अटलांटात शिकवीत असताना ड्युबॉइस तेथेच समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच ड्युबॉइस यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र पाठविले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. दोन खंडांतील दडपलेल्या माणसांना एकमेकांची खबर होती. अक्षर आल्याशिवाय बेडी तुटत नाही आणि इतिहास कळल्याशिवाय मान वर होत नाही, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी स्वतंत्रपणे ओळखले होते.

वुड्रफ यांच्या कार्याचा आम्हांस जो बोध होतो तो असा. समाजाने शाळा काढली, इमारत बांधली, पुस्तके आणली, तरी एक काम शिल्लक राहते. ही शाळा कोणाच्या घामातून उभी राहिली, हे पुढच्या मुलाला रोज दिसेल अशा जागी मांडून ठेवावे लागते. महापुरुषांच्या तसबिरी आपण भक्तिभावाने लावतो, आणि त्या लावल्याच पाहिजेत. पण ज्या बापाने फीच्या जागी धान्याचे पोते आणून टाकले, ज्या माउलीने वसतिगृहाच्या चुलीपाशी आयुष्य काढले, ज्या गवंड्याने मजुरी न घेता भिंत रचली, त्यांचे चित्र आपल्याकडे कोठे आहे? सेव्हरी नावाच्या सुताराचे नाव ग्रंथालयाला देणारे आणि फीसाठी जनावर घेऊन आलेल्या शेतकऱ्याला भिंतीवर स्थान देणारे महाविद्यालय आम्हांस या बाबतीत गुरुस्थानी वाटते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज चित्रकार आहेत, छायाचित्रकार आहेत, शिक्षक आहेत. जुन्या कार्यकर्त्यांपैकी काही अजून हयात आहेत आणि त्यांच्या स्मरणात पहिल्या दिवसाची हकीकत ताजी आहे. टाउनसेंडने वेळीच पेन्सिल हाती घेतली नसती, तर वुड्रफ यांना शंभर वर्षांनी ते चेहरे सापडले नसते. हे चेहरे टिपून ठेवण्याचे काम कोणी मनावर घेतले, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

गुलामांच्या वंशजांना त्यांचा इतिहास भिंतीवर उभा करून दाखविणाऱ्या या चित्रकार-शिक्षकाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.